नवा ब्राउझर घेतला, बोटं मात्र जुन्याच ब्राउझरमध्ये आहेत

अर्धविराम

मंडळी, अकरा वर्षं एकच ब्राउझर वापरत होतो. तीन आठवड्यांपूर्वी फायरफॉक्सवर आलो. कारण काही फार तात्त्विक नाही. माझ्याकडे कायम साठ-सत्तर टॅब उघडे असतात (बोलणी खायची तयारी आहे). वरच्या पट्टीत ते आक्रसत जाऊन नुसती चिन्हं उरायची. एकाच साइटचे चौदा टॅब असले की चौदा सारखीच चिन्हं, आणि हवा तो टॅब सापडेपर्यंत प्रत्येकावर माउस नेऊन थांबायचं. फायरफॉक्समध्ये १३६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२५ पासून, टॅब डावीकडे उभे लावायची सोय आतच आली आहे असं कळलं आणि उडी मारली.

सामान हलवायला दोन मिनिटं लागली. बुकमार्क आले, इतिहास आला. म्हटलं, झालं.

झालं कुठलं! परवा एका ऑनलाइन बैठकीत माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. लॉगिन न करता एक पान कसं दिसतं ते दाखवायचं होतं, म्हणून सवयीनं कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं. जुन्या ब्राउझरमध्ये यानं खाजगी खिडकी उघडायची. फायरफॉक्समध्ये त्याचा अर्थ 'मघाशी बंद केलेली खिडकी परत आण' असा होतो. सकाळी बंद केलेली खिडकी सतरा टॅबांसकट हजर झाली, आणि समोर जो टॅब होता त्याचं शीर्षक होतं 'घोरणे कायमचे थांबवण्याचे उपाय'. खाजगी खिडकीसाठी इथे कंट्रोल-शिफ्ट-पी असतं, हे मला त्या दिवसानंतर विसरणं शक्य नाही.

कंट्रोल-टॅबचंही तेच. मला शेजारच्या टॅबवर जायची सवय, इथे शेवटी वापरलेल्या टॅबवर उडी जाते. सेटिंग्जमध्ये पहिल्याच पानावर त्याची खूण आहे, ती काढली की जुनी चाल परत येते. पण गंमत म्हणजे मी ती काढली आणि चार दिवसांनी पुन्हा लावली. दोन टॅबांमध्ये मागेपुढे करायचं असेल तर नवीच पद्धत बरी पडते.

मुद्द्यावर येतो. पहिल्याच रात्री हौसेनं अकरा एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) घातली, थीम बदलली, कुठल्याशा यादीत वाचून आतल्या सेटिंग्जही ढवळल्या. तिसऱ्या दिवशी एक फॉर्म सबमिट होईना आणि इतक्या जणांपैकी गुन्हेगार कोण ते कळेना. शेवटी सगळं उपटलं आणि नियम केला की एखादी गोष्ट तीनदा बोचली तरच बदलायची. मॉनिटरला कागद चिकटवलाय, बोचलं की रेघ. तीन आठवड्यांत तीन रेघा फक्त चार गोष्टींनी मिळवल्या: उभे टॅब, टूलबारवरची चार निरुपयोगी बटणं, मराठी अक्षरांचा आकार आणि शोधाची पद्धत. पहिल्या दोन मिटल्या. टूलबारवर उजवी टिचकी मारली की 'कस्टमाइझ' येतं, मग बटणं नुसती ओढून बाहेर टाकायची. उरलेल्या दोन्हींत अडलोय.

तुम्ही ब्राउझर बदलताना काय केलंत? विवाल्डी या ब्राउझरबद्दलही बरंच ऐकतोय. पुन्हा एकदा घर हलवावं का?

वाचनमात्र

घोरण्याचे उपाय लागू पडले का ते आधी सांगा.

टंकनिका

अर्धविराम, मराठी अक्षरांचं माझ्याकडे उत्तर आहे आणि ते फायरफॉक्समध्येच सगळ्यात सोपं आहे.

सेटिंग्ज, जनरल, तिथे फॉन्ट्सखाली 'अॅडव्हान्स्ड' असं बटण आहे. उघडलेल्या चौकटीत सगळ्यात वर 'फॉन्ट्स फॉर' अशी यादी असते. ती लॅटिनवर असते म्हणून लोक तिथूनच परत फिरतात. ती उघडून देवनागरी निवडा. आता खालचं सगळं फक्त देवनागरीला लागू होतं. फॉन्ट तुम्हाला आवडेल तो घ्या, मी मुक्ता वापरते, नोटो सान्स देवनागरीही छान दिसतो. आणि त्याखालचा 'मिनिमम फॉन्ट साइझ' विसरू नका. मी १६ ठेवलाय. इंग्रजी अक्षर बारीक असलं तरी वाचता येतं, पण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. बारीक आकारात 'क्ष्म' म्हणजे नुसता काळा ठिपका होतो.

तिथेच खाली 'पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्या' अशी खूण आहे. ती काढली की सगळं जग तुमच्या आवडत्या फॉन्टमध्ये दिसतं, पण काही साइटींवर बटणांवरच्या चिन्हांच्या जागी चौकोन येतात, कारण ती चिन्हंसुद्धा फॉन्टच असतात. मी आठवडाभर हट्टानं तसं वापरलं आणि मुकाट्यानं खूण परत लावली.

जुनेखोड

विवाल्डीचा विषय निघाला म्हणजे मला बोलावंच लागणार.

आम्ही ऑपेराची माणसं. कोपऱ्यात जाहिरातीची पट्टी असायची तेव्हापासूनची, ती २००५ मध्ये गेली. उजवं बटण दाबून माउस डावीकडे ओढला की मागचं पान, खाली ओढला की नवा टॅब. पत्रव्यवहारही त्याच खिडकीत. २०१३ मध्ये ऑपेरानं पानं दाखवणारं स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं आणि क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्याच पायावर, गेले. आवृत्ती १५ आली, उघडली, आणि बघतो तर बुकमार्कच नाहीत. म्हणजे माझे हरवले होते असं नाही, ती सोयच ठेवली नव्हती! पुढे आणली, पण तोवर मन उडालं होतं. मी किती तरी दिवस बाराव्या आवृत्तीतच बसून राहिलो, एकेक साइट मोडायला लागली तरी.

विवाल्डी ही त्याच दुखण्यातून आलेली गोष्ट. ऑपेराचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर २०११ मध्ये तिथून बाहेर पडले होते. त्यांनी २०१५ च्या जानेवारीत विवाल्डीची पहिली चाचणी आवृत्ती दाखवली आणि १.० एप्रिल २०१६ मध्ये आली. इंजिन क्रोमियमचंच, पण वरचा सगळा डोलारा त्यांचा. म्हणून क्रोमची एक्स्टेंशन चालतात आणि तरी ब्राउझर क्रोमसारखा वाटत नाही.

अर्धविराम, तुमच्यासारख्या सत्तर टॅबवाल्यासाठी त्यात काय आहे ते सांगतो. टॅब उभे, आडवे, खाली, कुठेही. एक टॅब दुसऱ्यावर टाकला की थप्पी होते, आणि थप्पीतले टॅब दुसऱ्या ओळीत उलगडता येतात. दोन-तीन टॅब निवडून 'टाइल' केलं की एकाच खिडकीत शेजारी-शेजारी. मी भाषांतर करतो, मूळ मजकूर डावीकडे, शब्दकोश उजवीकडे, मधल्या रेषेला धरून हवं तसं सरकवायचं. एफ-२ दाबलं की एक चौकट येते, तिथे टॅबचं नाव, बुकमार्क, कुठलीही आज्ञा टंका. माउसच्या खुणाही आहेत: खाली आणि मग उजवीकडे ओढलं की टॅब बंद. माझ्या मनगटाला ती खूण बारा वर्षांपूर्वीची आठवत होती, मेंदूला नव्हती.

आणि तुमचं बैठकीतलं प्रकरण विवाल्डीत घडलं नसतं. सेटिंग्जमध्ये कीबोर्डचा अख्खा विभाग आहे, जवळजवळ प्रत्येक आज्ञेला हवी ती कळ द्या.

उलटतपासणी

जुनेखोड, हे सगळं खरं, पण विवाल्डीची सेटिंग्ज उघडल्यावर वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात आल्यासारखं वाटतं हेही सांगा की. शिवाय वरचा डोलारा वेब तंत्रज्ञानातच बांधलेला असल्यामुळे जुन्या यंत्रावर तो जड जातो. माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपवर नवा टॅब उघडताना पापणी लवण्याइतका थांबा जाणवायचा. दिवसातून दोनशे वेळा पापणी लवली की माणूस वैतागतो.

जुनेखोड

जड आहे, मान्य. माझं यंत्र नवं आहे म्हणून मला जाणवत नाही. पण नियंत्रण कक्षात शोधाची चौकट आहे, तिथे 'टॅब' लिहा, बाकीचं नाहीसं होतं.

बिनचूक

धाग्यात अजून कुणी पासवर्डांबद्दल बोललेलं नाही, म्हणून लिहितो. अर्धविराम 'सामान आलं' म्हणाले त्यात पासवर्डचं नाव नाही, ते माझ्या नजरेनं टिपलं.

बुकमार्क सरळ येतात. त्यांची फाइल जगातली सगळ्यात सोशिक फाइल असेल. कुठल्याही ब्राउझरमधून बुकमार्क एचटीएमएलमध्ये निर्यात करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं नाव दिसेल. नेटस्केप कधीच गेला, पण त्यानं घालून दिलेल्या साच्यात आजही सगळे एकमेकांना बुकमार्क देतात.

पासवर्डांचं तसं नाही. थेट आयात चालली नाही की सीएसव्ही फाइल करून न्यावे लागतात. ही फाइल म्हणजे साधा तक्ता: साइट, नाव, पासवर्ड, उघड्या अक्षरांत. कुणीही उघडा आणि वाचा. मी ती 'डाउनलोड्स'मध्ये उतरवली, आयात केली, खूश झालो. सात महिन्यांनी दुसरंच काही शोधताना ती तिथेच दिसली. डाउनलोड्सचा फोल्डर आपोआप क्लाउडवर चढवायला मीच लावून ठेवलेला. म्हणजे माझे एकशे त्र्याऐंशी पासवर्ड सात महिने तीन यंत्रांवर आणि एका सर्व्हरवर उघडे पडलेले. त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही, नुसते पासवर्ड बदलले.

तेव्हा: आयात झाली की ती फाइल लगेच उडवा, रिसायकल बिनमधूनही, क्लाउडच्या कचऱ्यातूनही. त्यापेक्षा बरं म्हणजे या निमित्तानं पासवर्ड ब्राउझरच्या बाहेरच काढा. बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी असा पासवर्ड जपणारा वेगळा प्रोग्रॅम घ्या. पुढच्या वेळी ब्राउझर बदलताना हा प्रश्नच उरणार नाही.

आणखी एक. जुना ब्राउझर महिनाभर तरी काढू नका. लॉगिन कुकीत, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, असतं आणि कुकी सोबत येत नाहीत. प्रत्येक साइट तुम्हाला अनोळखी समजून ओटीपी मागणार. एखाद्या साइटवर नोंदवलेला फोन नंबर जुना असेल तर तिथे अजून आत असलेला ब्राउझर तुमचा जुनाच असतो. आधी तिथून नंबर बदला, मग निरोप घ्या.

अर्धविराम

@टंकनिका, दंडवत! यादी लॅटिनवर असल्यामुळे मीही दोनदा तिथून परत आलो होतो. 'क्ष्म' आता दिसतोय. कागदावरची तिसरी ओळ खोडली.

@बिनचूक, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता डाउनलोड्स उघडलं. होती. उडवली. जास्त काही बोलत नाही.

@जुनेखोड, मोह होतोय, पण एका महिन्यात दोनदा बोटांना शिकवणं माझ्याच्यानं होणार नाही. शोधाचं कुणी सांगा.

निळीशाई

शोधाचं सांगते. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत टक्क्याचं चिन्ह टंकून एक जागा सोडा आणि शब्द लिहा, तो शब्द फक्त उघड्या टॅबांमध्ये शोधला जातो. तारका लिहिली तर फक्त बुकमार्कमध्ये, टोपीसारखं ते वरचं चिन्ह लिहिलं तर फक्त इतिहासात. सत्तर टॅबवाल्यांनी टक्का गोंदवून घ्यावा. कंट्रोल-एल, टक्का, जागा, 'घोर', मग बाणाच्या कळीनं हवा तो टॅब निवडून एंटर. माउस हातात घ्यायलाच नको.

दुसरं म्हणजे बुकमार्कला देता येणारा की-वर्ड. मराठी विकिपीडियावर काहीही शोधा, निकालाच्या पत्त्यात तुमचा शब्द दिसेल. तेवढा शब्द खोडून तिथे टक्का आणि त्याला चिकटून रोमन लहान एस लिहा. या पत्त्याचा बुकमार्क करा, बुकमार्कांच्या व्यवस्थापकात जाऊन त्याला की-वर्ड द्या, समजा दोन अक्षरं 'एमव्ही'. आता पट्टीत 'एमव्ही ज्ञानकोश' लिहिलं की थेट निकाल. मी शब्दकोश, नकाशे, कार्यालयातली तक्रार-नोंद प्रणाली, सगळ्यांना असे की-वर्ड दिलेत. क्रोमियमवाल्या ब्राउझरांत हेच सेटिंग्जमधल्या सर्च इंजिनांच्या यादीत करता येतं.

आता माझा प्रश्न. जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेंशनांचं नक्की काय झालंय? सगळे मॅनिफेस्ट व्ही-थ्री (एक्स्टेंशनांसाठीचे नवे नियम) म्हणतात आणि पुढे सरकतात.

बिनचूक

@निळीशाई, थोडक्यात सांगायचं तर दारावरचा पहारेकरी बदलला. पूर्वी पान उघडताना जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेंशनला दाखवली जायची आणि तिला जाऊ द्यायचं की अडवायचं ते एक्स्टेंशन तिथल्या तिथे ठरवायचं. नव्या पद्धतीत एक्स्टेंशननं आधीच नियमांची यादी ब्राउझरकडे द्यायची आणि अडवण्याचं काम ब्राउझरनं करायचं. एक्स्टेंशनला सगळी रहदारी दिसत नाही, हा त्यातला सुरक्षिततेचा भाग. पण ऐनवेळी निर्णय घेता येत नाही, म्हणून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं एक्स्टेंशन पूर्ण रूपात क्रोमवर चालेनासं झालं. तिथे त्याचं 'लाइट' रूप आहे. फायरफॉक्सनं जुनी पद्धतही चालू ठेवली, तिथे पूर्ण रूप चालतं. ब्रेव्ह आणि विवाल्डी यांनी रोखण्याचं काम ब्राउझरच्या आतच बांधलंय, ते एक्स्टेंशन नसल्यामुळे त्याला हा नियम लागत नाही.

साध्या वापराला लाइट पुरतं. माझ्या घरातल्या मोठ्यांच्या यंत्रावर तेच आहे आणि त्यांना फरक कळलेला नाही.

शेपूट

यायला उशीर झाला. ज्यांना फायरफॉक्सचं रूपच बदलायचंय त्यांच्यासाठी 'युजरक्रोम.सीएसएस' ही फाइल असते. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:सपोर्ट लिहा, तिथे प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. त्यात 'क्रोम' नावाचा फोल्डर करायचा (गूगलच्या क्रोमशी संबंध नाही, ब्राउझरच्या चौकटीला हे नाव आधीपासून आहे), त्यात ही फाइल ठेवायची. २०१९ पासून ती आपणहून वाचली जात नाही, अबाउट:कॉन्फिग या आतल्या सेटिंग्जच्या पानावर 'लेगसी युजर प्रोफाइल'वालं सेटिंग चालू करावं लागतं.

मी टॅबची उंची कमी केली, बंद करायची फुली लपवली, पट्टीचे कोपरे चौकोनी केले. दीड वर्ष सुखात गेलं. मग एका अपडेटनंतर सकाळी उघडलं तर पत्त्याची पट्टीच दिसेना! मीच कधीतरी लिहिलेली एक ओळ नव्या रचनेत भलत्या जागी लागू झाली होती. तक्रार कुणाकडे करणार, या फाइलची हमी कुणी दिलेलीच नसते. मदतीच्या मेनूमधून 'ट्रबलशूट मोड'मध्ये सुरू केलं की ही फाइल आणि सगळी एक्स्टेंशन बाजूला ठेवून ब्राउझर उघडतो. तिथून कळलं की चूक आपली. आता प्रत्येक नियमाच्या वर टीप लिहितो की हे का केलं. अर्ध्या नियमांच्या वर लिहिलंय 'आठवत नाही'.

उलटतपासणी

शेपूट, 'आठवत नाही' हा तुमचा नियम मी चोरणार.

मला एक उलटी बाजू मांडायची आहे. जितकं सजवाल तितके तुम्ही ओळखू येता. वेगळे फॉन्ट, वेगळ्या मापाची खिडकी, पानात ढवळाढवळ करणारी एक्स्टेंशन, या सगळ्याचा मिळून एक ठसा तयार होतो आणि कुकी न ठेवताही साइट तुम्हाला हुडकू शकते. ईएफएफ या संस्थेचं 'कव्हर युअर ट्रॅक्स' हे पान आहे, तिथे आपला ब्राउझर किती वेगळा दिसतो ते तपासता येतं. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर तर खिडकीचं माप मुद्दाम ठरावीक टप्प्यांत दाखवतो, म्हणजे सगळे सारखेच दिसावेत.

पण याच्यापायी मी केलेला मूर्खपणाही सांगतो. अबाउट:कॉन्फिगमधलं 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' चालू केलं. कसली यादी होती कुणास ठाऊक, त्यात लिहिलं होतं म्हणून. ते साइटींना खरा टाइमझोन सांगत नाही, यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ सांगतं. दुसऱ्या दिवशी वेबवरच्या कॅलेंडरमध्ये सगळ्या भेटी भलत्याच वेळी. मी कॅलेंडरला शिव्या घातल्या, घड्याळ तपासलं, एक बैठक चुकवली. शिवाय सगळ्या साइटी पांढऱ्याशुभ्र, कारण त्यात गडद रंगाची आवडही लपवली जाते. दोन गोष्टी एकाच सेटिंगनं झाल्यात हे कळायला नऊ दिवस गेले.

शेपूट

अबाउट:कॉन्फिगमध्ये 'फक्त बदललेली दाखवा' अशी खूण आहे, ती लावली असती तर नऊ मिनिटांत सापडलं असतं. हे तुम्हाला आता सांगणं दुष्टपणाचं आहे.

उलटतपासणी

आहेच.

वाचनमात्र

मोबाइलवर काय करता? तिथेही बदलायचं?

निळीशाई

अँड्रॉइडवर फायरफॉक्सला डिसेंबर २०२३ पासून एक्स्टेंशनांचं दार पूर्ण उघडलंय, पत्त्याची पट्टी खाली घेता येते, अंगठ्याला बरी. आयफोनवर युरोपीय संघ आणि जपान यांचा अपवाद सोडला तर नाव काहीही असो, आत सफारीचं वेबकिट इंजिनच असतं, त्यामुळे बदलून मिळतं ते मुख्यतः सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवर बुकमार्क वगैरे सारखे राहणं. सिंकचा पासवर्ड मात्र लिहून ठेवा. डेटा त्याच्याच किल्लीनं बंद असतो. विसरलात आणि नवा घेतलात, पण रिकव्हरी किल्ली आधी काढून ठेवली नसेल, तर सर्व्हरवरचं पुसलं जातं.

अर्धविराम

महिना झाला, म्हणून शेवटचा हिशेब द्यायला आलो. टक्क्याच्या चिन्हानं माझं आयुष्य बदललं असं म्हणणार नाही, पण टॅब एकेचाळीसवर आलेत, कारण शोधताना एकच पान चार-चारदा उघडलेलं दिसायला लागलं. एक्स्टेंशन तीन आहेत. कागदावर नवी रेघ नाही.

आज जुना ब्राउझर काढणार होतो, तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत पत्र लिहिताना आपली नावं, गावं, आडनावं तांबड्या रेघेनं भरून जातायत. जुन्यात मी अकरा वर्षं एकेक शब्द 'शब्दकोशात जोडा' करत आणलेला. ते सोबत आलेलं नाही. हे कुठे असतं कुणाला माहीत आहे का? जुना ब्राउझर क्रोमियमवालाच आहे.

शेपूट

आहे की. जुन्या ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये 'कस्टम डिक्शनरी' नावाची टेक्स्ट फाइल शोधा, एका ओळीत एक शब्द. फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये 'पर्सडिक्ट.डॅट' असते, तिचाही साचा तोच. तुम्ही तिथे एकही शब्द जोडला नसेल तर ती फाइल नसेल, आधी एक जोडा. मग फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि शब्द चिकटवा. जुन्या फाइलची शेवटची ओळ घेऊ नका, तो शब्द नाही, चेकसम म्हणजे फाइल धड आहे का ते तपासायची खूण आहे.

अर्धविराम

सापडली! चारशे बारा शब्द. चिकटवण्याआधी सहज वाचून काढले. नातेवाईक, जुन्या कार्यालयातले तीन साहेब, पाच वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका प्रकल्पाचं नाव. आणि मधेच इंग्रजीतला 'रिसीव्ह', आय आणि ईची अदलाबदल करून. म्हणजे कधीतरी त्यानं तांबडी रेघ मारली होती आणि मी त्यालाच गप्प केलं होतं.

चारशे अकरा चिकटवले.